निकाल दिल्लीत लागतो, पण लिहिला जातो ठाण्यात



काही दिवसांपूर्वी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दहा-बारा पोरांशी बोलत बसलो होतो. विषय निघाला कॅलिफोर्नियाचा. सिस्को कंपनीतल्या जातीभेदाचा खटला जवळपास सगळ्यांना माहीत होता. एक जण म्हणाला, "सर, ती केस आपण हरलो." दुसरा लगेच म्हणाला, "हरलो कुठे, चालू आहे." दोघांनीही मोबाईल काढला आणि आपापला मेसेज दाखवला. मग मी विचारले, "परांड्याची केस माहीत आहे का?" सगळे गप्प. परांडा धाराशिव जिल्ह्यात आहे. तिथल्या फिर्यादीवरचा हायकोर्टाचा आदेश आपल्याच शहरात झाला, औरंगाबाद खंडपीठात. आपण रोज जालना रोडने जाता-येता ती इमारत पाहतो. त्याच फिर्यादीवर १ सप्टेंबर २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. ॲट्रॉसिटी कायद्याच्या दृष्टीने अलीकडच्या काळातल्या अत्यंत महत्त्वाच्या निकालांपैकी तो एक आहे. आणि आपल्या एम. ए., एलएल. बी. करणाऱ्या पोरांपर्यंत तो पोहोचलेला नाही.

मित्रांनो, हा लेख त्या शांततेबद्दल आहे.

आधी सिस्कोचे संपवतो. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क पाहणाऱ्या विभागाने कंपनीवर आणि दोन अभियंत्यांवर खटला भरला. २०२३ मध्ये विभागाने त्या दोन अभियंत्यांवरचा दावा स्वतःहून मागे घेतला. कंपनीवरचा दावा मात्र मागे घेतला नाही. एका बाजूने लगेच उठवले की जातीभेदाचा आरोपच खोटा ठरला. आपल्या बाजूनेही कुणी मूळ कागद पाहिला नाही. दावा मागे घेणे आणि कोर्टाने पुरावा तपासून आरोप फेटाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने जातीभेदविरोधी विधेयक मंजूर केले आणि ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारले. कारण काय दिले? सध्याच्या कायद्यातच अशा भेदभावाला बंदी आहे, म्हणून नव्या कायद्याची गरज नाही. म्हणजे विधेयक नाकारताना त्यांनी मान्य करून टाकले की जातीवरून भेदभाव करणे त्या राज्यात आजही बेकायदेशीर आहे. हे वाक्य आपल्या कामाचे आहे. पण फॉरवर्डमध्ये काय आले? "विधेयक फेटाळले." विषय संपला!

वाचले नाही की हातातली गोष्टही निसटते. आता घराकडे वळू.

परांड्यात काय घडले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. निकाल लागल्यानंतर तीनच दिवसांनी परांडा तालुक्यातल्या मातंग समाजातल्या एका तरुणाने फिर्याद दिली. आपण सांगितले त्या उमेदवाराला मत दिले नाही म्हणून घरासमोर येऊन जातीवरून शिवीगाळ केली, लोखंडी रॉडने मारले, घर पेटवण्याची धमकी दिली, आई आणि मावशीवरही हात टाकला, असे फिर्यादीत आहे. सत्र न्यायालयाने आरोपीला अटकपूर्व जामीन नाकारला. आरोपी खंडपीठात गेला. खंडपीठाने २९ एप्रिल २०२५ रोजी अटकपूर्व जामीन दिला. प्रकरणाला राजकीय रंग आहे, वर्णनात अतिशयोक्ती आहे, जबाबांत विसंगती आहे, असा तिथला सूर होता. फिर्यादी तरुण थांबला नाही, दिल्लीला गेला. सुप्रीम कोर्टाने खंडपीठाचा आदेश रद्द केला.

हा निकाल तीन मुद्द्यांवर उभा आहे. पहिला: ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८ ने अटकपूर्व जामिनाचा दरवाजा बंद केलेला आहे. फिर्याद वाचताच दिसले की प्रथमदर्शनी गुन्हाच होत नाही, तरच तो उघडतो. दुसरा: हे ठरवताना कोर्टाने फिर्याद वाचायची. साक्षीपुरावा तोलत बसायचे नाही, जामिनाच्या टप्प्यावर छोटा खटला चालवायचा नाही. तिसरा: घटना घराबाहेर घडली, जिथे कुणीही पाहू-ऐकू शकते, म्हणून ती लोकांच्या नजरेसमोर घडली असे धरायचे. शिवाय, मत दिले किंवा दिले नाही म्हणून अनुसूचित जातीच्या माणसाला मारणे हा या कायद्यात स्वतंत्रपणे सांगितलेला गुन्हा आहे. त्याला "राजकीय वाद" म्हणून बाजूला सारता येत नाही.

हेही लक्षात ठेवा की अटकपूर्व जामीन रद्द होणे म्हणजे शिक्षा नव्हे. खटला चालायचा आहे, आरोप सिद्ध व्हायचे आहेत. आपण कायद्याची बाजू घेतो तर ती पूर्ण घ्यायची.

आता मुख्य प्रश्न. सुप्रीम कोर्टात तो तरुण का जिंकला? कोर्टाने फक्त फिर्याद वाचायची असे ठरले, आणि फिर्यादीत सगळे होते म्हणून. जागा होती. शब्द होते. कारण होते. हजर कोण होते ते होते. दिल्लीत जो निकाल लागला त्याची अक्षरे नऊ महिने आधी एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात कागदावर उतरलेली होती. तो कागद पोकळ असता तर दिल्लीतल्या सर्वात महागड्या वकिलालाही त्यात जीव ओतता आला नसता.

आता दुसरा निकाल शेजारी ठेवा. त्याच वर्षीचा, ३१ जानेवारी २०२५ चा. तमिळनाडूतल्या लालगुडीचा. तिथे एका महसूल अधिकाऱ्याने फिर्याद दिली की माझ्या कचेरीत येऊन मला जातीवरून शिव्या दिल्या. सुप्रीम कोर्टाने तो खटला रद्द केला. का? फिर्यादीप्रमाणे घटना बंद कक्षात घडली आणि सहकारी नंतर आत आले. शिवी दिली तेव्हा तिथे तिसरे कुणी असल्याचे फिर्यादीत नव्हते. म्हणून "लोकांच्या नजरेसमोर" ही अट पूर्ण होत नाही असे कोर्ट म्हणाले.

या दोन्ही निकालांच्या खंडपीठावर एक न्यायमूर्ती सारखे होते: भूषण गवई. जानेवारीत ते न्यायमूर्ती होते, सप्टेंबरमध्ये सरन्यायाधीश.

इथे थोडे थांबू, कारण इथेच आपल्या चळवळीची एक जुनी खोड दिसते. १ ऑगस्ट २०२४ ला उपवर्गीकरणाचा निकाल आला आणि गवईंनी त्यात अनुसूचित जातींना क्रीमी लेयर लावण्याच्या बाजूने मत दिले. तेव्हा याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर त्यांना काय काय म्हटले गेले ते मी पुन्हा लिहीत नाही. मे २०२५ मध्ये ते सरन्यायाधीश झाले आणि त्याच ग्रुपांवर "आपला माणूस" म्हणून बॅनर फिरले. ऑक्टोबरमध्ये भर कोर्टात त्यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न झाला. आपण सगळे रस्त्यावर आलो आणि ते योग्यच होते, कारण तो प्रकार एका माणसापुरता नव्हता. पण या तिन्ही वेळी आपल्यातल्या किती जणांनी त्यांचा एक तरी निकाल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला? उपवर्गीकरणावरचे त्यांचे मत मलाही पटलेले नाही. पण न पटणे आणि न वाचणे यात फरक आहे. न वाचता केलेला विरोध समोरचा हसत हसत बाजूला सारतो. न वाचता केलेला जयजयकार तर आपल्यालाच आंधळे करतो.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला. ती भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी सांगितले. हा इशारा आपण दुसऱ्यांच्या नेत्यांना लावतो. न्यायमूर्तींना आणि आपल्याच माणसांना लावायला विसरतो. न्यायमूर्ती आपला की त्यांचा हा प्रश्न आधी विचारणारा माणूस निकालातला "कशामुळे" कधीच वाचत नाही. आणि आपल्याला त्या "कशामुळे"चीच गरज आहे. लालगुडीच्या फिर्यादीत एक वाक्य कमी पडले. परांड्याच्या फिर्यादीत ते होते. हे ज्याला समजले तो उद्या ठाण्यात आपल्या आत्याला, बहिणीला, शेजाऱ्याला योग्य वाक्य सांगू शकेल.

मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलेलो नाही. चुकलो, मग शिकलो. काही वर्षांपूर्वी एका मावशींसोबत मी ठाण्यात गेलो होतो. गावाचे आणि ठाण्याचे नाव लिहीत नाही. मावशींना पाणवठ्यावर, चार बायकांच्या देखत, जातीवरून नको ते बोलले गेले होते. अंमलदाराने लिहिले: "जातीवाचक शिवीगाळ केली." एवढेच. मावशी शब्द सांगत होत्या. तो म्हणाला, "असले शब्द लिहायचे नसतात बाई, यात सगळे आले." रात्रीचे अकरा वाजले होते. शेवटची गाडी जायची होती. मीच मावशींना म्हणालो, "मावशी, करा सही, गुन्हा दाखल झाला हे महत्त्वाचे." पुढे आरोपींना अटकपूर्व जामीन मिळाला. आदेशात लिहिले होते की कोणते शब्द वापरले, कुठे वापरले, कुणासमोर वापरले याचा उल्लेख फिर्यादीत नाही. मावशींनी मला एकही शब्द बोलून दाखवला नाही. फक्त विचारले, "मी तर सांगितलं होतं ना रे सगळं?" त्यांनी सांगितले होते. मी सही करायला लावली होती. आणि कायद्याच्या कलम ४ मध्ये लिहिलेले आहे की तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर सहीआधी ती फिर्यादीला वाचून दाखवणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून कर्तव्य टाळणाऱ्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तेव्हा मला हे ठाऊक नव्हते. समाजशास्त्रात एम. ए. झालेलो होतो, जातीच्या सिद्धांतावर तासभर बोलू शकत होतो. पण कलम ४ वाचलेले नव्हते.

आता "भाष्या"कडे येऊ. कारण आपण निकाल वाचत नाही तेव्हा दुसरे कुणीतरी आपल्यासाठी वाचते आणि त्याचा अर्थही तेच सांगते.

गेली कित्येक वर्षे ॲट्रॉसिटी कायद्यावरच्या भाष्यात एकच शब्द फिरतो आहे: गैरवापर. ९ ऑगस्ट २०१६ ला आपल्याच शहरातल्या क्रांती चौकातून मराठा क्रांती मोर्चाला सुरुवात झाली. कोपर्डीच्या लेकीला न्याय मिळावा ही मागणी रास्तच होती, ती आपलीही होती. पण तिच्याबरोबर ॲट्रॉसिटी कायदा बदला ही मागणी जोडली गेली. दोन वर्षांत तोच शब्द सुप्रीम कोर्टात पोहोचला. २० मार्च २०१८ चा सुभाष महाजन निकाल हाही महाराष्ट्रातला, कराडच्या शासकीय महाविद्यालयातल्या तक्रारीतून उभा राहिलेला. त्याने काय केले? गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची वाट काढून दिली, अटकेआधी वरिष्ठांची परवानगी घाला म्हणाले आणि अटकपूर्व जामिनाचा दरवाजा उघडला.

२ एप्रिल २०१८ ला देश बंद झाला. माणसे मेली. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८ अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने पुनर्विलोकनात आपलेच ते निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० ला १८ अ वैध ठरवले. आपण हा इतिहास "रस्त्यावर उतरलो म्हणून जिंकलो" असा सांगतो. रस्ता नसता तर संसद हलली नसती, हे शंभर टक्के खरे. पण त्याच १० फेब्रुवारीच्या निकालात एक फट राहिली आहे: फिर्यादीतून प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर कलम १८ ची बंदी लागू होत नाही. म्हणजे २०२० नंतरची सगळी लढाई एका शब्दावर येऊन थांबली, "प्रथमदर्शनी". बंद पाळून आपण घरी गेलो. समोरच्यांचे वकील त्या फटीशी बसून राहिले. परांड्याचा आरोपी खंडपीठात त्याच फटीतून गेला होता. सुप्रीम कोर्टाने त्याला परत ओढले, कारण फिर्याद भक्कम होती. ज्या फिर्यादी भक्कम नाहीत, त्या रोज त्या फटीतून गळतात आणि त्यांच्यासाठी कुणी दिल्लीला जात नाही.

मग आरोपी सुटतात. मग सुटकेचे आकडे दाखवून भाष्यकार म्हणतात, "पाहा, खोट्या केसेस!" कमकुवत लिहिलेली फिर्याद, उशिरा झालेला पंचनामा, गावात राहून रोज धमक्या झेलणारा साक्षीदार, वर्षानुवर्षे न लागणारी तारीख: या सगळ्यातून झालेली सुटका आणि खोटी फिर्याद या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात टाकल्या जातात. खर्ड्याच्या नितीन आगेला आठवा. २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवले. २३ नोव्हेंबर २०१७ ला अहमदनगरच्या न्यायालयातून सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. म्हणून नितीन मेलाच नाही का? कोणता भाष्यकार त्या सुटकेला "गैरवापर" म्हणेल?

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. वर्तमानपत्रांनी "ऐतिहासिक" म्हटले आणि आपणही टाळ्या वाजवल्या. पण त्या निकालात ॲट्रॉसिटी कायद्याखाली दोष सिद्ध मानला गेला नाही. सूडातून झालेला खून म्हटले गेले. १४ जुलै २०१० ला नागपूर खंडपीठाने फाशी काढून पंचवीस वर्षांची जन्मठेप केली आणि जातीचा मुद्दा पुसलेलाच राहिला. शिक्षा मोठी म्हणून आपण टाळ्या वाजवत होतो तेव्हा आतल्या पानांवर जात गायब होत होती. शेवटचे पान वाचणाऱ्याला शिक्षा दिसते. आतली पाने वाचणाऱ्याला कळते की देशाने ते हत्याकांड कोणत्या नावाने नोंदवून ठेवले.

काही जण म्हणतील, "कोर्ट त्यांचे, कायदा त्यांच्या हातात, वाचून काय होणार?" हा राग मला समजतो. पण मग परभणीकडे पाहा.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी पकडला गेला. वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी, आंबेडकरी विचारांचा पोरगा. १५ डिसेंबरला कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन आपल्या शहरात, घाटीत झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण लिहिले गेले. तरीही मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत श्वसनाच्या त्रासाचे कारण सांगितले आणि मारहाणीचा आरोप नाकारला. सोमनाथच्या आईसमोर दहा लाखांचा प्रस्ताव होता, तो तिने नाकारला. ती खंडपीठात गेली. बाजू मांडायला ॲड. प्रकाश आंबेडकर काळा कोट घालून उभे राहिले. त्यांच्या युक्तिवादाचा पाया काय होता? शवविच्छेदनाचा अहवाल, पोलिसांवर ठपका ठेवणारा दंडाधिकारी चौकशीचा अहवाल आणि नव्या फौजदारी संहितेतले कलम १९६. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची हे कलम सांगते, पण अहवाल आल्यावर पुढे काय, याबद्दल कायदा गप्प आहे. त्या गप्पपणावर बोट ठेवले गेले. ४ जुलै २०२५ ला खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार सुप्रीम कोर्टात धावले. ३० जुलैला तिथेही सरकारची याचिका फेटाळली गेली.

म्हणजे तेच खंडपीठ. एप्रिलमध्ये परांड्याच्या तरुणाविरुद्ध आदेश देणारे आणि जुलैमध्ये सोमनाथच्या आईच्या बाजूने आदेश देणारे औरंगाबाद खंडपीठ एकच. न्यायमूर्ती वेगळे, प्रकरणे वेगळी, पण इमारत तीच. "कोर्ट त्यांचे" म्हणणाऱ्याला जुलै समजत नाही. "कोर्टावर विश्वास ठेवा" म्हणणाऱ्याला एप्रिल समजत नाही. सोमनाथच्या आईला दोन्ही समजले होते. म्हणून तिने विश्वासही ठेवला नाही आणि मैदानही सोडले नाही. तिने कागद धरून ठेवला.

"हे वकिलांचे काम आहे" असेही ऐकू येते. वकिलांचे काम कोर्टात सुरू होते. त्याआधीची रात्र आपली असते. आणि ही आपली परंपरा आहे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. डिसेंबरमध्ये सनातन्यांनी दावा लावून मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला, त्याच परिषदेत मनुस्मृती जाळली, आणि मग दहा वर्षे तो दावा लढवला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. का लागला? अस्पृश्यांना तळ्यावर बंदी ही अनादी काळापासूनची रूढी आहे, हे सनातन्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही म्हणून. तळे नगरपालिकेचे, रूढी सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांची, आणि ती ते पार पाडू शकले नाहीत. आपण दर वर्षी २० मार्चला महाडला जातो. १७ मार्चची आठवण किती जणांना असते? पाणी ओंजळीत घेणारा हात आणि दाव्याचा कागद चाळणारा हात, दोन्ही एकाच माणसाचे होते.

म्हणून मी आता भाषण थांबवतो आणि काम सांगतो.

प्रत्येक वस्तीत, प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार निकालवाचनाला द्या. एक निकाल, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून. सुप्रीम कोर्टाचे निकाल त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, अनेकांचे मराठी भाषांतरही असते. परांड्यापासून सुरुवात करा, मग लालगुडी. वाचताना तीन प्रश्न फळ्यावर लिहा: फिर्यादीत काय होते, काय नव्हते, कोर्टाने कशामुळे तसे ठरवले.

प्रत्येक गावात दोन पोरे आणि दोन पोरी अशा तयार करा की ज्या रात्री ठाण्यात जावे लागेल त्या रात्री त्यांना माहीत असेल: जागा लिहा, वेळ लिहा, शब्द जसेच्या तसे लिहा, कोण हजर होते ते नावानिशी लिहा, आरोपी आपल्याला आधीपासून ओळखतो हे लिहा. शेवटचे का? कारण आरोपीला आपली किंवा आपल्या घरच्यांची वैयक्तिक ओळख असेल तर त्याला जात माहीत होती असे कलम ८ नुसार कोर्ट गृहीत धरते. घडले तेच लिहायचे, एक अक्षर जास्त नाही. वाढवून लिहिलेली फिर्याद उद्या दुसऱ्या खऱ्या फिर्यादीचा गळा घोटते. वाचून दाखवल्याशिवाय सही नाही. शेवटची गाडी गेली तर जाऊ द्या, विहारात झोपू. एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्क आहे, ती घेऊनच बाहेर पडा.

कलम १५ अ पाठ करा. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर पीडिताला वेळेवर नोटीस मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. २९ ऑक्टोबर २०२१ च्या हरीराम भांभी निकालात सुप्रीम कोर्टाने ही अट बंधनकारक असल्याचे सांगितले आहे. नोटीस न देता दिलेल्या जामिनाला आव्हान देता येते. किती कार्यकर्त्यांनी ते दिले?

आणि जिल्हाधिकाऱ्यांना विचारा. नियम १७ प्रमाणे जिल्हा दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. मागच्या चार बैठकांचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. नियम १६ प्रमाणे राज्याच्या समितीचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, बैठक घ्यायची असते. त्याचेही इतिवृत्त मागा. मोर्चाच्या निवेदनात "कडक कारवाई करा" लिहिण्याऐवजी या दोन नियमांचे आकडे लिहा. अधिकाऱ्याचा चेहरा बदलतो की नाही ते पाहा.

यातले काहीच डीजेसमोर नाचण्याइतके सोपे नाही. १४ एप्रिलला निळी टोपी घालणे सोपे आहे, ती मीही घालतो. पण त्या माणसाने आपल्याला दिलेली खरी वस्तू कागदाची आहे. जो समाज शतकानुशतके अक्षरापासून लांब ठेवला गेला, त्याच्याच लेकराने देशाचा सर्वात मोठा कागद लिहिण्यात पुढाकार घेतला. आणि आपण, त्याची नातवंडे, चाळीस पानांचा निकाल वाचायचा कंटाळा करतो.

त्या मावशी आजही भेटतात. पाया पडू देत नाहीत, "शिक म्हणजे झालं" म्हणतात. मी शिकतो आहे. येत्या रविवारी आमच्या अभ्यासिकेत परांड्याचा निकाल वाचायला बसणार आहोत. मोबाईल खिशात, कागद हातात. तुम्ही तुमच्या विहारात बसा.

जय भीम! जय संविधान!